दहा बाय चौदा

४ नोव्हेंबर

वर्कशॉप बंद झालं त्या दिवशी मापांच्या तीन कोऱ्या वह्या पिशवीत टाकून घरी आणल्या होत्या. प्रत्येक पानावर छापील रकाने आहेत: उंची, खांदा, छाती, बाही. आता कुणाची मापं घ्यायची नाहीत, तर रकान्यांवरूनच लिहिते.

आज जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, मी माझ्या जागेवर एक खोली बांधते आहे. लाकडाची, दहा बाय चौदा फूट. झाली की तिथे राहायला जाणार. दादाचा हात ताटातच थांबला. बांधते आहेस म्हणजे बांधून घेते आहेस ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, बांधते आहे. मग त्याने माझं वय सांगितलं, जसं काही मला ते माहीत नव्हतं. सत्तावन्न. मी म्हटलं, हो, म्हणूनच घाई आहे.

वहिनी उठली. ताटं उचलून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. तिला राग आला असणार. एकतीस वर्षं एका घरात काढल्यावर नणंद असं उठून निघाली की चार लोक तिलाच बोल लावणार, हे तिच्या डोक्यात आलं असेल.

मला इथे कुणी छळलेलं नाही, हे लिहून ठेवते. माझी खोली मधली आहे. गच्चीचा जिना तिच्यातून जातो. वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, पतंग, अभ्यास, सगळी ये-जा माझ्या पलंगाच्या पायथ्यावरून. त्याबद्दलही तक्रार नाही. पण चौतीस वर्षं मी शाळांचे गणवेश शिवले, त्यातली शेवटची अकरा कटिंगवर. ऐंशी थर एकावर एक ठेवून एका रेषेत कापायचे आणि सगळ्यात खालचा थरही बरोबर निघायचा. हे ज्या हातांना जमतं त्यांना लाकूडही जमेल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, दिवसा वाटतं.

९ नोव्हेंबर

जागा एकोणीस वर्षांपूर्वी घेतली होती, वस्ती संपते तिथून पुढे, चढावर. तिच्या खालच्या अंगाला लाकडाची वखार आहे. आज तिथे गेले. खाकी कागदावर प्रत्येक भिंत कापून नेली होती, एका फुटाला एक इंच, शर्टाचे भाग कापतो तशी. वखारीत एक म्हातारे मिस्त्री बसलेले असतात. पूर्वी मोठी कामं करायचे म्हणे, आता नुसते बसतात. त्यांनी ते कागद काउंटरवर उभे करून पाहिले आणि कुणी केलं विचारलं. मी म्हटलं, मी. मग ते म्हणाले, दार आत उघडणार की बाहेर?

मी त्याचा विचारच केला नव्हता. चार महिने रोज त्या खोलीत मनाने राहून आले आणि दार कुठे उघडतं ते ठाऊक नाही.

ते म्हणाले, बघायला येईन कधीतरी.

१६ नोव्हेंबर

सहा खड्डे झाले. कंबर गेली. त्यात दगड आणि काँक्रीटचे बुटके खांब उभे केले, त्यांच्यावर तुळया बसायच्या.

मिस्त्री रोज येतात. "कधीतरी" म्हणाले होते, पण सकाळी नऊच्या ठोक्याला हजर. पालथ्या डब्यावर बसतात, उजवा हात खिशात, आणि तोंडाने काम करतात. खड्डा तिकडे घ्या, माती अशी टाका. एक घमेलं उचलत नाहीत. माणूस हुशार आहे पण आळशी, असं माझं मत झालं आहे.

सहाही खांब एका पातळीत आणायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी लागते. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. मी मिस्त्रींकडे पाहिलं, ते आभाळाकडे पाहायला लागले. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन चढ चढत आली. मी डबा मागितला नव्हता. ती पाहणी करायला आली हे उघड होतं. पण टोक धर म्हटलं तर तिने धरलं, आणि दोन तास धरून राहिली. पाणी थांबलं, आता नाही, आता थांबलं, असं सांगत. मधेच तिने विचारलं, इथे फोन लागतो का? मी म्हटलं, नाही, खाली वखारीपर्यंत जावं लागतं. ती म्हणाली, बरं.

म्हणजे ही एक उणीव तिने टिपून घेतली. आता घरी गेल्यावर दादाला सांगणार.

२४ नोव्हेंबर

आजची फजिती कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे.

भिंतींच्या उभ्या पट्ट्या कापल्या. लांब फळीवर टेप लावून ओळीने खुणा केल्या आणि खुणेवर कापत गेले. बावीस पट्ट्या. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर काही बरोबर आणि काही सुतभर बुटक्या. मला वाटलं टेपच खोटा. मिस्त्री डब्यावरून म्हणाले, "बाई, कात्री कापड खात नाही. करवत लाकूड खाते." प्रत्येक कापात सुतभर भुसा होऊन खाली पडतो, तो मी धरलाच नव्हता.

कापडाला मी दाब सोडते, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, आणि चुकलं तर उसवते. लाकडाला उसवणं नाही. शेवटी सगळ्या पट्ट्या सगळ्यात बुटकीच्या मापाने कापल्या. मिस्त्री म्हणाले, काही बिघडलं नाही, खोली सुतभर ठेंगणी होईल, तुमच्या डोक्याला लागणार नाही. ते हसले तेव्हा कळलं की त्यांना हसता येतं.

३० नोव्हेंबर

बोटांत कुसळं. पेन धरवत नाही.

६ डिसेंबर

दोन भिंती उभ्या आहेत. मी उभ्या केल्या आहेत.

दहा फुटांच्या दोन्ही बाजूंच्या. तळाची पट्टी सरकू नये म्हणून पुढे अडकण ठोकायची, वरची बाजू गुडघ्यापर्यंत उचलायची, खाली ओंडका सारायचा, दम खायचा, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि मग टेकू देत देत उभी. मिस्त्रींनी पद्धत सांगितली आणि डब्यावरून हलले नाहीत. दुसरी भिंत खांद्यावर असताना माझे पाय लटपटत होते, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि परत बसले. मला इतका राग आला की त्या रागातच भिंत वर गेली.

मग ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचं वजन हलायचं थांबलं तेव्हा दोरी आणि लाकूड यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखं अंतर. मी तीन वेळा पाहिलं. चौतीस वर्षांत मी किती हजार पोरांना कपडे घातले, पण उन्हात उभं राहून माझ्यावर सावली पाडेल असं काही कधी केलं नव्हतं.

निघताना मिस्त्रींनी बजावलं, तिरपी पट्टी मारल्याशिवाय घरी जाऊ नका. पण स्क्रू संपले होते आणि वखार बंद झाली होती. दोन दोन टेकू लावले आहेत. उद्या वखारीला सुट्टी, परवा सकाळी आधी तेच करते.

८ डिसेंबर

पडल्या.

दोन्ही. काल दिवसभर वारा होता, घरी गच्चीवरचे कपडे उडाले तेव्हाच मला समजायला हवं होतं. आज सकाळी चढावर गेले तर समोर काहीच नाही. एक भिंत आतल्या बाजूला पडली होती, दुसरी बाहेर, दोन्हींच्या चौकटी पत्त्यांसारख्या तिरप्या होऊन. तीन पट्ट्या मोडल्या, एक तळाची फळी उभी चिरली. मिस्त्री वाटेतच उभे होते. मी तशीच परत फिरले. दुपारभर बाजारात हिंडत राहिले, कारण लवकर घरी गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं.

घरी दादाने विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, छान चाललंय. इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच भीती वाटली.

सत्तावन्न वर्षांच्या बाईने भिंती उभ्या करू नयेत, हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी हट्टाने करत होते की मला खरंच राहायचं आहे तिथे, हे आता मला सांगता येत नाही.

९ डिसेंबर

आज असं झालं की ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

भाच्याची, दादाच्या मुलाची, बदली झाली आहे, पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात जातो आहे. जेवण झाल्यावर दादाने घसा साफ केला आणि म्हणाला की त्याची खोली आता रिकामी होईल, ती तू घे. तिला दार आहे, दोन खिडक्या आहेत, उगीच त्या चढावर कशाला जायचं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू गेलीस तर घराचं कसं होईल, मला काही सुचत नाही."

दादा असं बोलत नाही. माझ्या ओठांवर हो आलं होतं. खरंच आलं होतं. पडलेल्या भिंती तिथेच कुजल्या असत्या, कुणाला कधी कळलंही नसतं.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, ती खोली मोकळी नाही. तिथे मोठं कपाट आणि धान्याचे डबे हलवायचे आहेत, मी केव्हाच ठरवलं आहे. दादा म्हणाला, अगं, डब्यांना कसली खोली? तर म्हणते कशी, "लागते. आणि आत्याबाईंची खोली तर बांधून होतच आली आहे. हो ना, आत्याबाई?"

माझ्याकडे सरळ बघून विचारलं. मी काय म्हणणार? हो म्हटलं.

एकतीस वर्षं मी तिला वाईट म्हटलं नाही. पोरं आजारी असताना आम्ही दोघी आळीपाळीने जागलो आहोत. आणि आज मला एक दार असलेली खोली मिळत होती, तर तिला डबे आठवले. ठीक आहे. मला जायची घाई नसेल, पण तिला पाठवायची घाई आहे, एवढं आज कळलं.

१० डिसेंबर

उजाडताच गेले. अशी चिडले होते की चढ कधी संपला कळलं नाही. मोडक्या पट्ट्या बाजूला काढल्या, खिळे उपटले, चांगलं लाकूड वेगळं रचलं. मिस्त्री आले तेव्हा निम्मं आवरून झालं होतं.

ते डब्यावर बसले नाहीत. उभे राहूनच म्हणाले की चूक माझी आहे. पट्टी मारल्याशिवाय जाऊ नका असं सांगून मीच आधी निघून गेलो. उठून मी मारायला हवी होती.

मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला. तीन बोटं आत वळलेली, अंगठा सरळ. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर हात असा. हातोडी धरता येत नाही, कपही धरता येत नाही. ते म्हणाले, "वखारीत बसलो की माणसं लाकूड घेतात आणि जातात. तुम्ही कागदाचं घर घेऊन आलात. मला वाटलं, अजून एक काम होईल माझ्याकडून."

मागे एका पानावर मी त्यांना आळशी लिहिलं आहे. ते खोडत नाही. राहू दे, मला दिसत राहावं म्हणून.

दुपारी त्यांनी मला विचारलं, भिंत तिरपीच का झाली, सांगा. मी चार पट्ट्यांची चौकट हातात धरून दोन विरुद्ध कोपरे ओढले आणि एकदम उत्तर सापडलं. कापड उभं ओढा, आडवं ओढा, ताणत नाही. उरेब, म्हणजे कोपऱ्यातून तिरपं, ओढलं की लगेच ताणतं. म्हणून तर गळ्याला उरेब पट्टी लावतो. चौकटीचंही तेच. उभं आणि आडवं सगळं होतं माझ्याकडे, उरेब दिशेला धरणारं काही नव्हतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, हे मी दहा हजार कॉलरींवर केलेलं आहे.

मिस्त्रींना ते इतकं आवडलं की त्यांनी वखारवाल्याला मुद्दाम बोलावून माझ्या तोंडून परत ऐकवलं.

१७ डिसेंबर

चारही भिंती उभ्या आहेत, आणि प्रत्येकीला तिरपी पट्टी आहे. कोपऱ्याला हाताने धक्का मारून पाहिला तर माझाच खांदा दुखला.

लांबीच्या दोन भिंती चौदा फुटांच्या. त्या एकटीने उचलणं शक्य नव्हतं आणि कुणाला बोलवायचं या विचारात मी दोन दिवस घालवले होते. आज सकाळी दहाला वहिनी आली. बरोबर शेजारच्या दोघी जावा, आणि गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी, सगळी सोडून गुंडाळून आणलेली. म्हणाली, भिंत उचलायला चार माणसं लागतात ना?

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तिने मिस्त्रींकडे पाहिलं, आणि मिस्त्री परत आभाळ पाहायला लागले.

मग काम. मिस्त्री डावा हात वर करून एक दोन तीन म्हणायचे आणि आम्ही चौघी उचलायचो. धाकट्या जावेला हसू आवरत नव्हतं, थोरली तिला दटावत होती. भिंतीच्या वरच्या पट्टीला बांधलेली दोरी वहिनीने कमरेला एक वेढा देऊन धरली होती, पाय रोवून, तोंड लाल. भिंत सरळ झाली तेव्हा मी ओरडले, सोड आता, टेकू लागला. तिने सोडली नाही. पट्टीचा शेवटचा स्क्रू बसेपर्यंत धरून उभी होती. तिच्या तळव्यांवर दोरीचे वळ उठले होते. मी पाहिले तर हात मागे घेतले.

संध्याकाळी मिस्त्रींना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. आठ तारखेला दुपारी वहिनी डबा घेऊन वर आली होती. मी बाजारात हिंडत होते तेव्हा. तिने पडलेल्या भिंती पाहिल्या, परत उभ्या करायला किती माणसं लागतील ते विचारलं, डबा त्यांना दिला आणि गेली.

म्हणजे नऊ तारखेला जेवताना तिला माहीत होतं. माहीत असून म्हणाली, होतच आली आहे ना. मला घालवायची इतकी घाई, की मदतीला स्वतः आली? हिशेब काही जुळत नाही. पण राग आता तेवढा राहिला नाही, हे खरं.

७ जानेवारी

छप्पर एका उताराचं ठेवलं आहे, पुढची भिंत उंच, मागची कमी. त्यावर वासे चढवले. शिडीवर तिसऱ्या पायरीपुढे मला गरगरतं, हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. आता मिस्त्रींना माहीत आहे. ते म्हणाले, खाली बघायचं नाही, जोडाकडे बघायचं. दिवसभर जोडाकडेच बघत होते, म्हणून जोडही चांगले झाले.

आज दादा पहिल्यांदा आला. हाताची घडी घालून सगळीकडून फिरला. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला जेवढं सुतारकाम कळतं तेवढं बोलला. मग म्हणाला, हा कोपरा मला तिरका वाटतो. मी शिडीवरूनच ओळंबा सोडला. आम्ही दोघंही वजन थांबायची वाट पाहत राहिलो. थांबलं. दादा म्हणाला, हं. आणि गेला.

पण मिस्त्री नंतर सांगत होते की खाली वखारीत तो अर्धा तास बसला होता. तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वरती बोट दाखवून म्हणत होता, ते माझ्या बहिणीने बांधलंय. एकटीने. मी म्हटलं, एकटीने नाही. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या हो. त्यांना तेवढं म्हणू द्या."

२० जानेवारी

पत्रे बसले. वरून सोळा बादल्या पाणी ओतलं. एका जागी थेंब आला. रबर लावून परत सोळा. कोरडं.

४ फेब्रुवारी

वहिनी आता एक दिवसाआड येते. डबा हे निमित्त, कारण मी आता घरूनच डबा घेऊन निघते आणि तरी ती दुसरा आणते. येते, फळ्यांच्या ढिगावर बसते आणि सूचना करते. आज खिडकीवरून वाजलं. माझ्या कागदावर खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, कोण येतं जातं ते दिसावं म्हणून. ती म्हणते, रस्ता कशाला? डोंगराच्या बाजूला कर, आणि खाली कर, बसल्या बसल्या दिसेल अशी. घरातल्या सगळ्या खिडक्यांतून उभ्यानेच बघावं लागतं, ओट्याशी किंवा जिन्यात. मी म्हटलं, राहणार मी आहे, मला कुठून काय बघायचं ते मी ठरवीन. ती भुसा झाडायला लागली.

६ फेब्रुवारी

खिडकी डोंगराच्या बाजूला केली. फूटभर खालीही घेतली. वहिनीने विचारलं तर सांगितलं, माप चुकलं. तिने मान डोलावली. माझं माप चुकतं यावर तिने विश्वास ठेवला, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

१८ फेब्रुवारी

वीज जोडायच्या आधी तपासणीला साहेब आले. तरुण, गंभीर. भिंतींवर हात आपटून पाहिला, वायर पाहिली, फळ्यांच्या जमिनीवर उडी मारली. मग फॉर्म काढला आणि विचारलं, बांधकाम कुणाचं? ठेकेदाराचं नाव सांगा.

मी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, ते मालकाच्या रकान्यात लिहिलंय, मी बांधणाऱ्याचं विचारतोय. मी म्हटलं, तेच. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री त्यांच्या डब्यावर ताठ बसले होते. म्हणाले, "साहेब, एक खिळाही मी मारलेला नाही. बाईंनी सांगितलं तेच लिहा."

साहेबांनी लिहिलं. एकाच कागदावर माझं नाव दोनदा. जागेचा कागद सोडला तर आतापर्यंत माझं नाव हजेरीच्या वहीत आणि रेशनकार्डावर दादाच्या खाली एवढंच असायचं. सही सावकाश, पूर्ण नावाने केली.

साहेब गेल्यावर मिस्त्रींनी दाराच्या चौकटीवरून डाव्या हाताचा तळवा वरपासून खालपर्यंत फिरवला. म्हणाले, हे मी केलंय असं कुणी म्हणालं, तर मी नाही म्हणणार नाही. मी म्हटलं, म्हणूही नका.

२७ फेब्रुवारी

आज राहायला आले. दादाने शिवणयंत्र स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या दोघी जावा फाटकापर्यंत आल्या. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी आत गेले तर पाठमोरीच म्हणाली, हात ओले आहेत, जा तू, उशीर होईल. मी थोडा वेळ थांबले. ती एकच पातेलं घासत होती.

एवढा डोंगर उपसला तिने माझ्यासाठी, आणि निघताना तोंडही दाखवलं नाही. माणसाचं काही कळत नाही.

३ मार्च

खरं लिहायचं तर पहिले चार दिवस मी गाणी गात काढले नाहीत. खोली अप्रतिम आहे. फळीला फळी अशी बसली आहे की नख जात नाही. दार बाहेर उघडतं आणि वाऱ्यालाही कुरकुरत नाही. सकाळी उठले की आधी चारी कोपरे बघते, मग तोंड धुते.

पण पलंगाच्या पायथ्यावरून कुणी जात नाही. काल दुपारी मी स्वतःच उठून इकडून तिकडे चार फेऱ्या मारल्या, पायांचा आवाज व्हावा म्हणून. मिस्त्री आले तेव्हा थांबले.

त्यांना मी आता खुर्ची दिली आहे. डबा फेकून दिला.

११ मार्च

पायरीवर बसून लिहिते आहे, कारण आत बसता येत नाही.

वहिनी साडेअकराला आली. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच. डबा नव्हता, हात हलवत आली. म्हणाली, सहज आले. मी तिला सगळं दाखवलं, कपाट कसं बसवलं, ओटा किती उंच घेतला. ती हं हं करत होती. मग खिडकीपाशी गेली आणि खाली बसली, भिंतीला पाठ टेकून. म्हणाली, इथून छान दिसतं. मी म्हटलं, थांब, चहा टाकते. चहा गाळून वळले तर ती आडवी झालेली, हाताची उशी करून, झोपलेली. मी हाक मारली नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

एकतीस वर्षांत मी या बाईला दुपारी झोपलेली पाहिलेली नाही. बाळंतपणातही नाही. माझी उशी हळूच डोक्याखाली सारली, अंगावर चादर टाकली, तरी हलली नाही. आज मला शेल्फ ठोकायचं होतं. हातोडी खाली ठेवली आणि बाहेर येऊन बसले. मिस्त्री आले, त्यांना खूण केली. ते आल्या पावली वखारीत गेले आणि थोड्या वेळाने तिथली करवतही बंद पडली.

तीनच्या सुमाराला दादा चढ चढताना दिसला. धापा टाकत होता. लांबूनच बोलायला लागला. ही इथे आहे का, सकाळपासून पत्ता नाही, कपाटाची किल्ली सापडत नाही, फोनही घरीच ठेवून गेली आहे.

मी उठून पायरीवर उभी राहिले. म्हटलं, "हळू बोल. ती झोपली आहे."

त्याला समजलंच नाही. "झोपली? बरं नाही का तिला?"

"बरी आहे. झोपली आहे."

दादा माझ्या खांद्यावरून आत डोकावायला लागला. मी बाजूला झाले नाही. तो म्हणाला, उठव ना जरा, किल्लीचं विचारून घेतो. म्हटलं, नाही. माझ्या घरात झोपलेल्या माणसाला मी उठवणार नाही, आणि तुलाही उठवू देणार नाही. मोठ्या भावाला मी असं कधी बोललेली नाही. आवाजही चढवला नाही. चढवून चालणारच नव्हतं.

 मग दादा चपला काढून माझ्या शेजारी पायरीवर बसला.  पायरीच्या जोडावरून त्याने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. अगदी कुजबुजत म्हणाला, पक्कं केलंयस.

चारला तो निघाला. म्हणाला, चहा मी करून घेतो. चार पावलं गेला आणि परत आला. साखर कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, वरच्या फळीवर, डावीकडून दुसरा डबा.

आता साडेपाच झाले. ऊन पायरीवरून खाली उतरलं. दोनदा दारातून बघून आले, अजून तशीच आहे, हलकं घोरते आहे, कूस बदललेली नाही. बरीच दमलेली दिसते.